‘कान्रिनिन-सान’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा

जुन्या जपानी अ‍ॅनिमे मालिकांपैकी ‘मेझों इक्कोकु’ मी अलीकडेच पाहून संपवली. रुमिको ताकाहाशी यांची मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९८० ते १९८७ या काळात ‘बिग कॉमिक स्पिरिट्स’मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली, आणि स्टुडिओ दीनने तिच्यावरून केलेली ९६ भागांची मालिका मार्च १९८६ पासून मार्च १९८८ पर्यंत फुजी टीव्हीवर चालली. मोडकळीस आलेल्या एका दुमजली लाकडी घरात भाड्याने राहणारी चार टोकांची माणसे, त्यांतला गोदाई हा विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत अडकून पडलेला मुलगा आणि घराची व्यवस्था पाहायला आलेली क्योको ओतोनाशी ही तरुण विधवा, एवढ्या सामग्रीवर सगळे हसू आणि सगळे प्रेम उभे आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना मालिका दाखवता यावी म्हणून मी तिची मराठी सबटायटल्स लिहायला घेतली आहेत. अडचण आहे ती क्योकोला मारल्या जाणाऱ्या हाकेची. घरातले सगळे तिला ‘कान्रिनिन-सान’ म्हणतात. कान्रिनिन म्हणजे इमारतीची देखभाल करणारी, भाडे गोळा करणारी, अंगण झाडणारी व्यक्ती. ‘व्यवस्थापिका’ लिहिले की गोदाई तिच्याकडे नोकरीचा अर्ज घेऊन आल्यासारखा वाटतो. ‘घरमालकीण’ लिहिले तर अर्थच बदलतो, कारण घर तिचे नसून तिच्या सासऱ्यांचे आहे. तोंडी हाक म्हणून खपेल असा शब्द हवा आहे.

पहिला प्रतिसाद

शब्द शोधण्याआधी त्या हाकेचे काम काय आहे ते पाहावे लागेल. जपानीत हुद्द्याला ‘सान’ हा आदरार्थी शब्द जोडून माणसाला हाक मारणे अगदी रोजचे आहे. आपल्याकडेही ‘मास्तर’, ‘डॉक्टरसाहेब’, ‘पोस्टमनकाका’ आहेतच. पण शेवटच्या उदाहरणातला ‘काका’ पाहा. हुद्दा उच्चारून मराठी माणसाचे समाधान होत नाही, तो लगेच नाते चिकटवतो. आपल्या एखाद्या जुन्या चाळीत मालकांची विधवा सून कारभार पाहायला आली असती, तर विशीतल्या भाडेकरूने तिला पहिल्याच दिवशी ‘वहिनी’ म्हटले असते, आणि ती त्याच्याहून दोनेक वर्षांनी मोठी असल्यामुळे ‘ताई’ म्हणण्याचाही धोका होता. यांपैकी काहीही म्हटले की कथा तिथेच आटोपली. शहाण्णव भाग चालायचे तर या दोघांमध्ये नात्याचा शब्द येता कामा नये, आणि नाव घेण्याइतकी सलगीही नको. हुद्द्याची हाक ही नेमकी त्या मधल्या जागेत बसते. म्हणूनच गोदाई दारूच्या नशेत ‘क्योको-सान’ असे नाव घेऊन भर वस्तीत ओरडतो तेव्हा सगळ्यांचे कान टवकारतात. प्रेमाची कबुली तर त्यात आहेच, पण शुद्धीवर असताना तो हे नाव तोंडावर घेत नाही, हेही प्रेक्षकाला ठाऊक असते.

माझे मत सरळ आहे. ‘मॅनेजर’ ठेवा आणि क्रियापद आदरार्थी वापरा: ‘मॅनेजर, तुम्ही कुठे निघालात?’ शब्द रुळलेला आहे, स्त्री-पुरुष दोघांनाही चालतो, आणि कोरडा आहे. तो कोरडेपणाच इथे उपयोगाचा.

दुसरा प्रतिसाद

‘मॅनेजर’ अचूक आहे, पण बेचव आहे. ‘कारभारीण’ का नको? कारभार पाहणारी ती कारभारीण, हा त्याचा उघड अर्थ. शिवाय खेड्यापाड्यांत नवऱ्याला ‘कारभारी’ आणि बायकोला ‘कारभारीण’ म्हणण्याची पद्धत आहे, त्यामुळे गोदाई दर वेळी हाक मारताना नकळत आपल्या मनातली गोष्ट बोलून जाईल. मूळ जपानी शब्दात ही गंमत नाही हे मान्य. पण भाषांतरात एक विनोद निसटतो तेव्हा दुसरीकडे एक पदरात पाडून घ्यायला काय हरकत आहे?

तिसरा प्रतिसाद

हरकत आहे. ‘कारभारीण’ हा शब्द पहिल्या भागातच शेवट सांगून टाकतो. या मालिकेची सगळी चव उशिरात आहे. गोदाई परीक्षा पास होतो, पदवी घेतो, नोकरीसाठी वणवण करतो, टेनिस शिकवणारा श्रीमंत मिताका मध्ये येतो (हा रुबाबदार गृहस्थ कुत्र्याला घाबरतो, आणि क्योकोच्या घरी तर कुत्राच आहे), गैरसमजांचे डोंगर उभे राहतात, आणि या सगळ्या वर्षांत हाक मात्र जवळपास तीच राहते. ज्या शब्दात ‘बायको’ हा अर्थ आधीच दडलेला आहे, त्याला तेथवर सरकत जाण्याला वावच उरत नाही. शिवाय क्योको ही विधवा आहे, सासऱ्यांचे आडनाव लावून त्यांच्याच घराचा कारभार पाहते आहे. तिला परक्या तरुणाने ‘कारभारीण’ म्हणणे मराठी कानाला थट्टेपेक्षा आगाऊपणाचे अधिक वाटेल.

आता कुत्र्याचा विषय निघालाच आहे, तर सबटायटल लिहिणाऱ्याची खरी कसोटी तिथे आहे असे मला वाटते. क्योकोच्या दिवंगत नवऱ्याचे नाव सोइचिरो, आणि कुत्र्याचे नावही ‘सोइचिरो-सान’, म्हणजे आदरार्थी ‘सान’सकट. नवऱ्याने त्या कुत्र्याचे नाव ‘शिरो’ ठेवले होते, पण कुत्रा त्या नावाला ओ देईना. बायको नवऱ्याला ‘सोइचिरो-सान’ म्हणून हाक मारी, तेव्हा मात्र तो धावत येई. म्हणून तेच नाव कायम झाले. सुरुवातीला गोदाईला यातले काहीच ठाऊक नसते, त्यामुळे तिच्या तोंडचे ‘सोइचिरो-सान’ नक्की कोणाला उद्देशून आहे हा घोळ बराच काळ पुरतो. हे मराठी संसारात घडवायचे म्हटले तर त्या पिढीतली सून नवऱ्याचे नाव उखाण्याबाहेर घेणारच नाही, आणि त्या न्यायाने कुत्र्याचे नाव ‘अहो’ ठेवावे लागेल. विनोद म्हणून हे मला मूळ प्रसंगाच्या तोडीचे वाटते, पण भाषांतर म्हणून मुळीच करू नये. तोच कुत्रा पुढे नवऱ्याच्या कबरीपाशीही हजर असतो, आणि तिथे गोदाई त्या मृत माणसाला उद्देशून जे बोलतो, की तुमच्यासकट मी क्योकोचा स्वीकार करीन, ते ऐकताना नाव नावच असले पाहिजे. ‘सोइचिरो-सान’ जसेच्या तसे राहू द्या. ‘राव’ किंवा ‘पंत’ लावण्याचा मोहही टाळा.

चौथा प्रतिसाद

मूळ प्रश्नाला धरूनच आणखी दोन शब्द. गोदाई सुरुवातीला ‘रोनिन’ असतो. हा शब्द मुळात धनी नसलेल्या सामुराईसाठी होता आणि आता प्रवेशपरीक्षेत अपयश आल्यावर वर्षभर पुन्हा तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यालाही लावतात. ‘नापास’ लिहू नये, कारण त्याचे शालेय शिक्षण व्यवस्थित झालेले आहे. लातूरच्या कोणत्याही क्लासमध्ये विचारले तर ‘रिपीटर’ हा शब्द मिळेल, आणि त्यात शेजाऱ्यांच्या नजरेतली ती बारीक टोचणीही आहे.

दुसरा शब्द शीर्षकातला ‘इक्कोकु’. हे कालमापनाचे जुने परिमाण; पण बोलण्यात त्याचा अर्थ ‘जरासा वेळ’ असाही होतो. आपली ‘घटका’ थेट याच्याशेजारी बसते: मोजायला गेले तर चोवीस मिनिटे, आणि ‘घटकाभर टेका’ म्हटले तर कोणी मोजत नाही. ज्या घराच्या छपरावर घड्याळाचा मनोरा आहे आणि जिथले भाडेकरू घटकाभरासाठी येऊन वर्षानुवर्षे हलत नाहीत, त्याला यापेक्षा योग्य नाव मिळणार नाही. ‘मेझों’ हा मात्र फ्रेंचमधून घेतलेला निव्वळ डौल. पडक्या घराला असे नाव देण्याची हौस मुंबईत ‘भुवन’ आणि ‘महाल’ म्हणवणाऱ्या चाळींनी पुरेपूर भागवली आहे, तेव्हा वडीलधाऱ्यांना ‘घटका भुवन’ लगेच कळेल.

विचारणाऱ्याचे उत्तर

‘घटका भुवन’ शीर्षकाखाली लहान अक्षरांत घेतो. ‘रिपीटर’ही घेतला. हाकेसाठी गोदाईच्या तोंडी ‘मॅनेजर’ आणि ‘तुम्ही’ हेच ठेवतो आहे. वर ‘वहिनी’बद्दल जे लिहिले आहे ते वाचल्यावर नात्याचा कोणताही शब्द जवळ करण्याचा प्रश्नच उरला नाही. ‘कारभारीण’ मात्र टाकून देववत नाही. पहिल्या खोलीतल्या इचिनोसेबाई साकेची बाटली घेऊन गोदाईच्या खोलीत अड्डा जमवतात आणि त्याला छळतात, तेव्हा एखाद्या वाक्यात त्यांच्या तोंडी ‘काय म्हणते तुझी कारभारीण?’ असे घालण्याचा विचार आहे. चिडवणारा तो शब्द वापरू शकतो. ज्याला चिडवतात त्याने वापरायचा नाही.