मदत हवी आहे: हायजिनिस्टच्या विद्यार्थिनींना एचपीव्हीबद्दल पेशंटशी बोलायला कसं शिकवू?

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या एका डेंटल कॉलेजात हायजिनिस्टच्या (दात साफ करणाऱ्या सहायकांच्या) दोन वर्षांच्या डिप्लोमाला शिकवते. यंदा तोंडाच्या कॅन्सरच्या तासाला एचपीव्ही (मुख्यतः लैंगिक संबंधांतून पसरणारा, पुढे कॅन्सर करू शकणारा विषाणू; त्यावर मुलांना द्यायची लस आहे) जोडलाय आणि गाडी तिथेच अडलीय.

थिअरीची अडचण नाही. १६ आणि १८ या प्रकारांमुळे गर्भाशयमुखाचे साधारण ७० टक्के कॅन्सर होतात, त्यातला १६ नंबरचा टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कॅन्सरमागेही असतो, हे मुली घडाघडा म्हणून दाखवतात. पेशंट समोर आला की तोंड बंद.

यातल्या बऱ्याच पोरी बारामती, फलटण, जुन्नर इकडच्या. तंबाखूबद्दल कुणालाही बिनधास्त विचारतात. "मावशी, मिश्री दिवसातून किती वेळा लावता?" म्हणत गाल बाजूला करून आरशात पांढरा चट्टा दाखवतात. पण परवा रोल-प्लेला मी बारा वर्षांच्या मुलीची आई झाले. विद्यार्थिनी म्हणाली, "हा विषाणू संपर्कातून होतो." मी विचारलं, "कसल्या संपर्कातून?" तर तिने सक्शनची नळी उचलली आणि मला आ करायला सांगितलं! वर्ग हसला, मीही हसले, पण ओपीडीत नेमकं हेच होणार.

त्यात आमच्या खुर्च्या एका रांगेत, मध्ये पार्टिशन नाही, आणि बाईच्या उशाशी सासू उभी. विषय काढायचा कुठून? लैंगिक संबंधांचा उल्लेख आपण होऊन करायचा की विचारलं तरच? आणि "आमच्या घरात असलं काही नाही" म्हणणाऱ्या वडिलांना काय सांगायचं?

"आधी समाज बदला" छापाचे सल्ले नकोत. सोमवारपासून बॅच पोस्टिंगला जातेय.

लसटोचे:
ताई, खुर्चीत बसवल्यावर विषय काढूच नका. तोंडात आरसा असताना माणूस काय बोलणार? केसपेपर भरतानाच विचारा, "मुलांच्या लसी पूर्ण झाल्यात का? दहाव्या वर्षीची धनुर्वाताची दिली?" हा प्रश्न कुणाला खटकत नाही. मग लगेच, "त्याच वयात कॅन्सर टाळणारी एक लस असते, मुलींना आणि मुलग्यांनाही." एवढंच म्हणून थांबा. नऊ ते चौदा वयाला सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, पंधरापासून पुढे तीन, हे तोंडपाठ असू द्या, कारण पुढचा प्रश्न हाच येतो. त्यानंतरचा "किती पैसे?"

आपल्याकडे एक हुकमी पान आहे: सर्व्हायव्हॅक ही एचपीव्हीची लस सीरमची, म्हणजे हडपसरची. "कोव्हिशील्डवाल्यांचीच" म्हटलं की पुणेकर जरा सैलावतो.

कडुलिंबाची काडी:
वरच्या प्रतिसादाला +१, पण एक धोका आहे. आपल्याकडे तोंडाचे कॅन्सर मुख्यत्वे तंबाखू, गुटखा आणि सुपारीचे. एचपीव्हीच्या नादात मिश्रीचा प्रश्न मागे पडला तर नुकसानच. लस घेतली म्हणजे मिश्रीला मोकळीक, असा अर्थ कुणी काढू नये.

शिवाय मुलींना बजावा की "आम्ही तपासलं, एचपीव्ही नाही" असं चुकूनही म्हणायचं नाही. टॉन्सिलच्या खाचांतलं आणि जिभेच्या मुळाचं आरशात धड दिसत नाही. मानेत न दुखणारी गाठ, एकाच बाजूचा कान दुखणं, तीन आठवड्यांहून जास्त घसा धरणं, गिळताना अडकणं, यातलं काही असेल तर सरळ कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे चिठ्ठी. निदान करणं हायजिनिस्टचं काम नाही.

लसटोचे:
वडिलांचा प्रश्न राहिला. त्यांच्याशी घरच्या वळणावर वाद घालू नका. "हा विषाणू फार कॉमन आहे, लग्न झालेल्या बहुतेकांना कधी ना कधी होतो आणि सहसा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्यांच्यात राहतो त्यांना बऱ्याच वर्षांनी त्रास होऊ शकतो. म्हणून लस आधीच द्यायची, गोवराची देतो तशी." यात संबंधांचा उल्लेख आला आणि कुणाच्या पोरीवर शिंतोडाही नाही. थेट विचारलं तर मात्र थेट सांगायचं, सासू उभी असली तरी. आडपडदा ठेवला की लोकांना वेगळाच वास येतो.

२०१०चा विषयही कुणीतरी काढेलच. तेव्हा आंध्र आणि गुजरातेतला लसीचा प्रकल्प थांबवला होता. चौकशीत मुलींच्या मृत्यूंचा संबंध लसीशी जोडला गेला नाही, पण संमती घेण्यात गंभीर त्रुटी निघाल्या. दोन्ही गोष्टी सांगा, अर्धी लपवू नका.

धागाकर्ती:
दोघांचे आभार. केसपेपरची युक्ती डोक्यातच आली नव्हती! आमच्या केसपेपरवर लसीकरणाचा रकाना नाही, तो हाताने आखून घेते. सासूच्या मुद्द्यावर मात्र थोडी असहमत. पहिल्याच पोस्टिंगला अठरा वर्षांच्या पोरीने सगळ्यांदेखत थेट उत्तर द्यावं, ही अपेक्षा मला जड वाटते. तूर्त "या ना, मॅडमशी बोलू" म्हणून माझ्या टेबलाशी आणायला सांगणार आहे. तिथे निदान भिंत आहे.

मोठ्यांचं काय पण? टॉन्सिलचा कॅन्सर एचपीव्हीचा निघालेला पन्नाशीतला पेशंट स्केलिंगला (दात साफ करून घ्यायला) आला आणि बायकोने विचारलं, "कुणाकडून आला?" तर?

कडुलिंबाची काडी:
कुणाकडून आणि कधी, हे कुठल्याच तपासणीत कळत नाही. संसर्ग वीस-तीस वर्षांपूर्वीचा, लग्नाआधीचाही असू शकतो. एवढं सांगायचं आणि बाकीचं त्यांच्या डॉक्टरांवर सोडायचं.