मदत हवी आहे: नवीन रबर लावल्यापासून गाडीचं दार लागत नाहीये

घंटाघर
ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराला नवीन रबर लावलं. आता दार लागतच नाही. जोरात आपटलं तरी पहिल्या टप्प्यावर अडकतं, दुसरा खटका येत नाही. जुन्या रबरावर एका बोटाने लागायचं. स्ट्रायकर प्लेट (चौकटीवरची, जिच्यात दाराचं लॉक अडकतं ती) बाहेर सरकवली, आता लॉक होतं, पण मागची कड बॉडीच्या बाहेर राहते आणि वेगात शिट्टी वाजते. रविवारी जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला न्यायचीय. रबर ब्लेडने तासून पातळ करू का? लवकर सांगा.

नटबोल्ट
गाडी कुठली ते सांगा की राव.

खटारावाला
तासू नका! नवीन रबर फुगीर असतंच. दार लावून गाडी थोडे दिवस उन्हात सोडा, आपोआप दबेल. माझं असंच दबलं. वरून सिलिकॉन ग्रीस चोळा.

तिरपा पाना
उन्हात दबतं ते स्पंजाचं मऊ रबर. हल्ली मिळणारी बरीच नकली रबरं भरीव असतात, ती जन्मात दबत नाहीत. बोटाने दाबून बघा.

खटारावाला
माझं दबलं म्हणतोय ना. जन्मात काय जन्मात?

घंटाघर
फोक्सवॅगन बीटल आहे, सत्तरच्या दशकातली. रबर दाबलं की दबतं. पण सगळ्या गाड्यांना सारखंच असेल ना हे?

ओलावा
दाराच्या आतल्या पॅनेलमागचा प्लास्टिकचा पडदा तपासा. काचेच्या फटीतून पाणी दारात उतरतंच, पडदा फाटला असेल तर ते आत येतं आणि लोक उगाच रबराला दोष देतात. दाराच्या खालच्या कडेची भोकंही तारेने मोकळी करा.

घंटाघर
पाण्याचा प्रश्नच नाहीये.

ओलावा
आज नाहीये.

वंगणभक्त
बीटल म्हणताय तर काच बोटभर खाली करून दार लावून बघितलंत का? बॉडी इतकी हवाबंद की काचा वर असल्या तर आतली हवाच दाराला अडवते. उगाच नाही ती पाण्यावर तरंगत.

नटबोल्ट
अवांतर: किती वेळ तरंगते?

वंगणभक्त
तळ किती गंजलाय त्यावर आहे.

तिरपा पाना
धागाकर्ते, दार मध्यंतरी कधी काढलं होतं का? रंगासाठी वगैरे?

घंटाघर
हो, रंगवाल्याने काढलं आणि त्यानेच परत बसवलं. त्याचा इथे काय संबंध?

तिरपा पाना
सगळा संबंध तिथेच आहे. जुनं रबर चपटं झालेलं, त्यामुळे दार वाकडं बसलंय हे कळलंच नाही.

आता नवीन रबर काढा, स्ट्रायकर प्लेटही पूर्ण काढा. दार फक्त बिजागऱ्यांवर लटकू दे. गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकांवर उभी हवी. दार हलकेच लावून फट बघा: वर, खाली, मागे. मग दार अर्धं उघडून मागच्या टोकाला धरून वर उचला. खेळ जाणवला तर बिजागरीची पिन झिजलीय, आधी ती बदला. खेळ नसेल आणि मागची कड खाली असेल तर वरची बिजागरी पिलरवर (बिजागऱ्या बसतात त्या खांबावर) केसभर गाडीच्या पुढच्या बाजूला घ्यायची. मूळ जागा पेन्सिलने आखून ठेवा आणि एका वेळी एकच बिजागरी सैल करा. बॉडीशी कड जुळली की प्लेट लावा. रबर सगळ्यात शेवटी. चिकटवताना ताणू नका, कोपऱ्यांत तर उलट थोडं आत ढकलत जा. ताणलेलं रबर नंतर आखडतं आणि कोपऱ्यातून सुटतं. शेवटी रबराला खडू फासून दार लावा, जिथे खूण उमटत नाही तिथूनच शिट्टी येते.

वंगणभक्त
बिजागरीला हात लावण्याआधी त्या बाजूला जॅक लावून बघा. फट बदलली तर दाराखालचं हीटर चॅनेल (गरम हवा नेणारी बॉडीची पोकळ पट्टी) गंजलंय. मग कितीही जुळवा, फुकट.

खटारावाला
एवढा उपद्व्याप कशाला? दाराचा वरचा कोपरा बाहेर राहत असेल तर खालच्या कोपऱ्यात, खालचा राहत असेल तर वरच्या कोपऱ्यात लाकडी ठोकळा अडकवायचा आणि बाहेर राहिलेला कोपरा आत दाबायचा. पीळ निघतो. जुने मिस्त्री हेच करायचे.

तिरपा पाना
करायचे, पण बिजागरी जुळल्यावर. आधी नाही. आणि ताज्या रंगावर तर मुळीच नाही.

घंटाघर
सगळं काढून बघितलं. जॅकने फट बदलत नाही, पिनांत खेळ नाही. मागची कड किंचित खाली आहे आणि वरचा कोपरा बाहेर. बिजागरीचा एक स्क्रू हलला, बाकीचे ढिम्म.

तिरपा पाना
साध्या पेचकसाने झटू नका. डोकं गुळगुळीत झालं की ड्रिलच करावं लागेल. गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवा, मग इम्पॅक्ट ड्रायव्हर (हातोडीच्या ठोक्याने फिरणारा पेचकस) आणि हातोडी. कड जुळल्यावरही वरचा कोपरा बाहेरच राहिला तर दारात पीळ आहे. त्याला ठोकळा, पण खाली जाड कापड घालून.

खटारावाला
आलात ना वळणावर!

घंटाघर
रविवारच्या आत हे होत नाही. आणि जुनं रबर काढतानाच फाटलं. बिनरबराची नेऊ?

तिरपा पाना
खुशाल. आवाज येईल, पाऊस आला तर पाणीही. प्लेट मात्र आधीच्या खुणेवर आत घ्या आणि दुसरा खटका येतोय ना ते बघा. पहिल्या खटक्यावर अडकलेल्या दाराने रस्त्यावर काढू नका.