फ्लॅट मी घेतेय, सेल्सवाला नवऱ्याला फोन करतोय

ठाणेकरीण: फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर घेतेय, लोन माझं, फॉर्मवर नंबर माझा. नवरा फक्त साइट व्हिजिटला सोबत आला होता तर त्याचा नंबर कधी घेतला देव जाणे, आता पेमेंट शेड्यूल, कार्पेट एरिया सगळं त्यालाच कळवतात आणि मला काय तर मॅडम मॉड्युलर किचन बघून घ्या! तुम्ही काय करता अशा वेळी?

चहाबाज: त्यांना तसंच ट्रेनिंग असतं, पैसे सरांशी अन् टाइल्स मॅडमशी. नवऱ्यालाच सांगायला लावा की मला काही माहीत नाही, तिला विचारा.

ठाणेकरीण: सांगितलं हो त्याने. तर म्हणे सर तरी एकदा डिस्कस करून घ्या 😡

फाइलवाली: सगळं ईमेलवर मागा, फोनवर बोलूच नका. आणि ॲग्रीमेंटचा ड्राफ्ट नीट बघा, सवयीने नवऱ्याचं नाव सहखरेदीदार म्हणून टाकतात. तसं झालं तर बायकांना स्टॅम्प ड्युटीत 1 टक्का सवलत आहे ना, 1 एप्रिल 2021 पासून, ती जाते. 70 लाखांच्या घरावर 70 हजार होतात.

चहाबाज: पण मग 15 वर्षं पुरुषाला विकता येत नाही ना?

फाइलवाली: ती अट 2023 मध्ये काढली.

ठाणेकरीण: ड्राफ्ट आत्ता उघडला. आहे त्याचं नाव. पहिलं.