विषय: परळच्या निवासातला देणगीदारांचा फलक

सप्रेम नमस्कार मंडळी,
टाटा हॉस्पिटलला गावाहून येणाऱ्या पेशंटच्या नातलगांसाठी आपण परदेशातून ज्या निवासाला मदत करतो, तिथलं रंगकाम संपलं. ट्रस्टींनी फलकाचा मजकूर मागितलाय. लाखाच्या वरची नावं मोठ्या अक्षरांत, बाकीची खाली, असं कार्यकारिणीचं मत आहे. शुक्रवारपर्यंत कळवा.
– सचिव

सचिवताई,
मुंबईला परतल्यापासून आठवड्यातून दोनदा मी निवासात जातो, म्हणून मोकळेपणाने लिहितो. रकमेची उतरंड नको. त्या जिन्यात फायलींची पिशवी छातीशी धरून माणसं बसलेली असतात. कुणी किती दिले हे त्यांनी का वाचायचं?

या शहरात मोठी दानं कशी लक्षात राहिली बघा. विद्यापीठाच्या मनोऱ्याला पैसे प्रेमचंद रायचंदांचे, नाव त्यांच्या आईचं. १८७८ पासून तो राजाबाई टॉवरच. फोर्टातलं मुळजी जेठा कारंजं बापाने गेलेल्या मुलासाठी बांधलं. आणि माहीमचा कॉजवे, खाडीवरचा तो रस्ता! लेडी जमशेटजींनी पैसे दिले ते टोल घ्यायचा नाही या अटीवर. १८४५ मध्ये रस्ता खुला झाला; ती अट मला कुठल्याही संगमरवरी पाटीपेक्षा मोठी वाटते.

तेव्हा प्रत्येक मोठ्या देणगीदाराला एवढंच विचारा, कुणाच्या स्मरणार्थ? तेवढं नाव खोलीच्या दारावर लावा. रकमा वार्षिक अहवालात येऊ देत. दोन खोल्यांचा खर्च उचललेल्या एका गृहस्थांनी मला बजावलंय, माझं नाव कुठेही नको. त्यांचं ऐकायलाच हवं.

काका,
पटलं. फक्त पावत्यांचं आधी निस्तरू. ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतलंय त्यांचे पैसे कायद्याने परकीय देणगी ठरतात, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी. ते ट्रस्टच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एफसीआरए (परकीय देणगी कायद्याखालच्या) खात्यातच जायला हवेत. भारतीय पासपोर्टवाल्यांनी स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत पाठवलेले साध्या खात्यात चालतात. दोन्हींची सरमिसळ झाली तर ट्रस्ट अडचणीत येईल. म्हणून प्रत्येकाने पासपोर्ट कुठला ते मला कळवा, इथे सगळ्यांना नको.

आमच्या खोलीवर सासूबाईंचं नाव घाला. १० बाय १०च्या घरात त्यांनी गावाकडच्या किती पेशंटांना ठेवून घेतलं, जेवू घातलं. आडनाव नको, नुसतं 'माई' लिहा.
– खजिनदार