नकाशावर सलग, पाण्यावर तुटक

कोकणातला रेवस-रेड्डी सागरी मार्ग म्हणजे किनाऱ्याने सलग जाणारा रस्ता, असं म्हटलं जातं. कल्पना तशीच होती. अंतुले मुख्यमंत्री असताना (१९८०-८२) या मार्गाला चालना मिळाली आणि मधल्या खाड्यांवर पूल हे त्यात गृहीतच होतं. दक्षिणेकडे ते बऱ्यापैकी झालंही. रत्नागिरीजवळचा भाट्ये, पुढे पूर्णगड, जैतापूर, सगळीकडे गाडी थेट पार होते.

अडतं ते उत्तरेकडे. आगरदांडा-दिघी, बागमांडले-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, इथे वर्षानुवर्षं फेरीबोटीचाच आधार. दाभोळहून समोरचं धोपावे डोळ्यांना दिसतं, पण बोट बंद असली की खेड-चिपळूण-गुहागर असा वळसा, १०० किमीच्या वर. ओहोटीला जेट्टी आणि बोटीची फळी यांच्यातला उतार वाढतो, तेव्हा कमी उंचीची गाडी फार जपून चढवावी लागते. पर्यटकांना ती गंमत वाटते, मान्य. पण दाभोळच्या बाईला गुहागरला दवाखान्यात न्यायचं असेल, तर शेवटची बोट कधी सुटते यावर सगळं ठरतं. म्हणून मला तरी या मार्गाच्या रुंदीकरणाआधी हे पूल हवेत.