दहावीतल्या पोराला चांदवड कुठल्या दिशेला ते सांगता येत नाही. दोष कुणाचा?

पंचवटीकर:
परवा भाच्याला घेऊन नाशिकहून चांदवडला रेणुकामातेच्या दर्शनाला निघालो होतो. भाचा यंदा दहावीत. आडगाव सोडल्यावर सहज विचारलं, "आपण कुठल्या दिशेला चाललोय?" मोबाइलवरून नजर न उचलता उत्तर आलं, "सरळ."
संध्याकाळचे पाच वाजले होते. सूर्य मागे, डाव्या अंगाला. तेवढ्यावरून ईशान्य ओळखायला हरकत नव्हती. पुढं नाशिकला लागून असलेले जिल्हे विचारले, तर ठाणे आणि "औरंगाबाद ना?" एवढ्यावर गाडी थांबली. धुळे, जळगाव, नगर, पालघर गायब. आमच्या वेळी कोरे नकाशे आणून गुरुजी राज्यं, नद्या, घाट भरून घ्यायचे आणि चुकलं की पुन्हा भरायला लावायचे. ते परत सुरू करा असं माझं स्पष्ट मत आहे. पाठांतराला नावं ठेवायची फॅशन झालीय.

सातपूरचा_इंजिनियर:
अजिबात असहमत. "ताग पश्चिम बंगाल, चहा आसाम" हे मीही घोकलं. नोकरीच्या पंधरा वर्षांत एकदाही उपयोग झाला नाही. शिवाय घोकलेलं टिकतं किती? तेलंगण 2014 ला झालं, लडाख 2019 ला वेगळं झालं, 2020 ला दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एक केले. तुमच्या गुरुजींनी भरून घेतलेला नकाशा केव्हाच रद्दी झालाय. तुम्ही स्वतः "नगर" लिहिलंय, ते आता अहिल्यानगर आहे. जे खिशातल्या फोनवर दोन सेकंदांत मिळतं त्यासाठी पोरांच्या डोक्यात जागा कशाला अडवायची?

पंचवटीकर:
मग पाढेही बंद करा, कॅल्क्युलेटर आहेच. आणि नाव बदललं म्हणून नगर काही जागचं हललेलं नाही.

निफाडचा_द्राक्षवाला:
इंजिनियर साहेब, फोनचं कौतुक आम्हाला सांगू नका. हवामानाच्या ॲपवर "नाशिक: पाऊस" दिसतं. कुठलं नाशिक? इगतपुरीला वर्षाला 3000 मिमीच्या वर पडतो आणि त्याच जिल्ह्यात येवल्याला 500 च्या आसपास. घाटमाथा कुठं संपतो हे ज्याला माहीत नाही त्यानं ते ॲप बघून फवारणी करावी आणि मग बोलावं.

फळा_खडू:
अठरा वर्षं भूगोल शिकवतोय, म्हणून जरा लांबण लावतो.
दोघांचंही अर्धंच पटलं. दहावीला भूगोल 40 गुणांचा. त्यात "भारताच्या नकाशा आराखड्यात खालील घटक दाखवा व सूची तयार करा" हा प्रश्न हमखास गुण देणारा. मुलं काय करतात? कुठल्या कोपऱ्यात टिंब द्यायचं ते पाठ करतात. आराखडा जरा आडवा धरला की सगळी ढेपाळतात, मी करून पाहिलंय. म्हणजे पंचवटीकर, पाठांतर बंद झालेलं नाही, ते जोरात चालू आहे! पुस्तकात भारत आणि ब्राझीलची तुलना आहे. माझ्या मते पुस्तक चांगलं आहे. पण ॲमेझॉनचं खोरं तोंडपाठ असलेल्या पोराला आपल्या गिरणा नदीचं पाणी कुठं जातं ते सांगता येत नाही.
आता दुसरी बाजू. एका वर्षी मी भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 चे स्थलनिर्देशक नकाशे वर्गात आणले. गंमत म्हणजे 20 अंश उत्तर अक्षवृत्त आपल्या शहरातूनच जातं आणि नकाशांच्या जुन्या क्रमांकानं बघाल तर एक कागद तिथंच संपतो. पंचवटी एका कागदावर, नाशिकरोड दुसऱ्यावर. दोन्ही कागद जमिनीवर जोडून पोरं त्यावर पालथी पडली. शेजारचा कागद जोडून सातमाळा डोंगररांगेवर बोट फिरवायला सांगितलं. तपकिरी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या, दर 20 मीटरला एक. जिथं रेषा दाटीवाटीनं बसल्यात तिथं कडा. मग विचारलं, रांगेच्या माथ्यावर पाऊस पडला तर पाणी कुठं जाईल? उत्तरेचं गिरणेला, तिथून तापीला, म्हणजे अरबी समुद्रात. दक्षिणेचं कादवा नदीला, नांदूरमधमेश्वरला गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. दिंडोरीकडचा एक मुलगा डोकं खाजवत म्हणाला, "सर, म्हणजे आमच्या डोंगराच्या दोन अंगांचं पाणी दोन समुद्रांत?" त्याला आता जलविभाजकाची व्याख्या विचारावी लागत नाही.
हे समजलेल्या पोरालाच दर दुष्काळात खाली मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाला पाणी सोडण्यावरून होणारं भांडण कळेल. नाहीतर आपल्या नाशिकच्या गंगापूर धरणाचं पाणी "पळवलं" एवढंच ऐकू येतं.

सातपूरचा_इंजिनियर:
सर, हेच तर म्हणतोय! समज द्या, यादी नको.

फळा_खडू:
थांबा. त्या पोराला गिरणा, तापी, कादवा ही नावं आणि त्यांच्या जागा आधीच ठाऊक होत्या, म्हणून बोट चाललं. ज्याला ठाऊक नव्हत्या ते शेजारच्याच्या चेहऱ्याकडे बघत बसले. यादी लागतेच, फक्त ती पंधरा-वीस नावांची हवी आणि स्वतःच्या तालुक्यापासून सुरू व्हायला हवी.

शाळेतली_ताई:
फळा_खडू सर, ऐकायला गोड आहे. माझ्या वर्गात बासष्ट मुलं. तासिका पस्तीस मिनिटांची. नकाशा पसरायला जमीन दिसायला तर हवी! शिवाय पोर्शन कुणी पुरा करायचा? भूगोलाला आमच्याकडे कायम शेवटचा तास, आणि कुणी रजेवर असलं की तोच गणिताला जातो. 2020 ला लॉकडाउनमुळे दहावीचा नेमका भूगोलाचाच पेपर रद्द झाला, तेव्हा एक पालक मला म्हणाले, "बरं झालं, महत्त्वाचे सगळे झाले होते." यावर काय बोलायचं?

निफाडचा_द्राक्षवाला:
त्या पालकांना पेठच्या घाटात पावसाळ्यात रेंज नसताना सोडा.

दुतोंड्या:
अवांतर: पुराचं पाणी गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं म्हणजे सराफ बाजारात काय होणार, हे आमची आजी शाळेत न जाता सांगायची. चालू द्या.

पंचवटीकर:
एक भर घालतो. सर, तुमचं वाचून भाच्याच्या फोनमधली ती सेटिंग शोधली. नकाशा गाडीबरोबर फिरतो ना, वर म्हणजे कायम "पुढे"? ती बंद केली आणि उत्तर वर ठेवली. काल पुन्हा चांदवडला काम होतं, त्याला घेऊन गेलो. येताना वडाळीभोईजवळ पोरगं गोंधळलं: "मामा, बाण खाली चाललाय, आपण उलटे जातोय!" मी काहीच बोललो नाही. पिंपळगावच्या टोलनाक्यावर रांगेत थांबलो तेव्हा त्यानं खिडकीतून सूर्याकडे पाहिलं, मग फोनकडे, आणि म्हणाला, "नैऋत्य."

कोरे नकाशे तरीही आणणार आहे. डझनभर.