गुरख्याचे मागचे आर्म लेथवर बनवून घेऊ का?

नमस्कार मंडळी. गाडी फोर्स गुरखा, 2021 चं मॉडेल, मुक्काम सातारा. चाळकेवाडीच्या सड्यावर जांभा पोटाला घासायचा, म्हणून चारेक महिन्यांपूर्वी एका गॅरेजात स्प्रिंग-शॉकप बदलून गाडी दोन इंच उचलून घेतली. (कासच्या पठारावर गाडी घालत नाही. त्यावरून कुणी सुरू होऊ नका.)

तेव्हापासून दोन दुखणी. साठ-पासष्टच्या पुढे सीटखाली घरघर, आणि यवतेश्वरचा घाट उतरताना ॲक्सिलेटर सोडला-दाबला की मागून ‘टक्’. गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या शाफ्टचे क्रॉस (सांधे) ठीक आहेत, चाकं बॅलन्स करून झाली. शेवटी गवंड्याचा ओळंबा मागून आणला आणि मागच्या चाकांवरच्या बॉडीच्या दोन्ही कमानींवरून सोडला. डावं चाक उजव्यापेक्षा 12 मिमी जास्त बाहेर, म्हणजे हौसिंग (मागच्या ॲक्सलचं आवरण) 6 मिमी डावीकडे सरकलंय. हौसिंगला डावी-उजवीकडे सरकू न देणारा आडवा दांडा म्हणजे पॅनहार्ड रॉड. त्याचं एक टोक चासीला, एक हौसिंगला. गाडी उचलली की रॉड जास्त तिरका होतो आणि हौसिंगला चासीकडच्या टोकाच्या बाजूला ओढतो, एवढं समजलं.

आर्म म्हणजे हौसिंगला चासीशी धरून ठेवणारे दांडे, त्यांची लांबी बदलली की हौसिंगचा कोन जुळवता येतो. थारचे लांबी बदलता येणारे आर्म सहज दिसतात, गुरख्याचे मला मिळेनात. एमआयडीसीतला ओळखीचा लेथवाला म्हणतो, “पाइप आणा, टोकाला आटे पाडून दोन दिवसांत देतो.” माझं मन धजत नाही. घाटात वेल्डिंग सुटलं तर? आणि आर्मच्या टोकातले बुश रबराचे घ्यावेत की पॉलीचे (पॉलीयुरेथेनचे)?

उत्तर, मिरजेहून:
दादा, आर्मचं नंतर बघा. गॅरेजवाल्याने आर्मचे बोल्ट आवळले तेव्हा चाकं जमिनीवर होती की लोंबकळत होती? बुशचं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. हौसिंग लटकत असताना बोल्ट आवळला तर गाडी खाली टेकल्याबरोबर रबराला पीळ बसतो, तो कायमचा. मग ते फाटणारच. सगळे बोल्ट सैल करा, गाडी चाकांवर उभी करा, दोनदा हलवा आणि मगच आवळा.

पॉली टिकतं, पण एक चाक दगडावर चढलं की आर्मला पीळ पडतो. रबर तो गिळतं, पॉली गिळत नाही, सगळा ताण ब्रॅकेटवर येतो. सड्यावर जाणार असाल तर रबरच ठेवा. लेथवाल्याकडे जायचंच असेल तर पाइप सीमलेस हवा, आणि वेल्डिंग त्याच्या पोराकडून करून घेऊ नका. शिवाय गाडीत परस्पर बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच. उद्या काही झालं तर विमावाला आधी गाडीखाली वाकणार.

धागाकर्ता:
भाऊ, रविवारी गाडीखाली शिरलो. खालच्या डाव्या आर्मचा नट सैल केला आणि आतली नळी कर्रकन उलटी फिरली, पाना हातातून निसटला. रबर अर्ध्यावर फाटलंय, चिरेत बोटाचं नख जातं. नवे बुश दाबून घेतले, बोल्ट चाकं टेकवून आवळले. ‘टक्’ गेला.

घरघर मात्र आहे. मोबाईल शाफ्टच्या फ्लँजला (जोडणीच्या चकतीला) टेकवून कोन मोजला: गिअरबॉक्स आणि डिफ (हौसिंगमधला डिफरेन्शियल) यांच्यात तीन अंशांचा फरक पडतोय, दोन्ही समांतर नाहीत, घरघर त्याचीच असावी. आता वरचे दोनच आर्म लांबी बदलणारे करून आणि पॅनहार्ड तसाच बनवून भागेल का, की चारही करावेच लागतील? कुणी गुरख्यावरच केलं असेल तर कृपया सांगा. लेथवाल्याला अजून थांबवून ठेवलंय.